शस्त्र परवाना मिळाल्यावर पडताळणी थांबते कशी?

८ फेब्रुवारी २०२४ रोजी बोरिवली पश्चिमेच्या आयसी कॉलनीत फेसबुक लाइव्ह सुरू असताना माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्या झाडणाऱ्या मॉरिस नोरोन्हाने नंतर स्वतःलाही संपवलं. पिस्तूल परवान्याचं होतं, पण परवाना मॉरिसच्या नावावर नव्हता. तो त्याच्या अंगरक्षकाच्या नावावर, उत्तर प्रदेशातून काढलेला होता आणि मुंबई पोलिसांकडे त्याची नोंद नव्हती. मॉरिसवर आधीच गंभीर गुन्हा दाखल होता. त्याने स्वतः अर्ज केला असता तर तो फेटाळला जाण्याचीच शक्यता जास्त होती. पण अर्ज करण्याची त्याला गरजच पडली नाही.

मुंबईत कुठे गोळीबार झाला की पहिला प्रश्न येतो, हत्यार परवान्याचं होतं का? उत्तर 'हो' आलं की लगेच दुसरा, मग पोलिसांनी परवाना दिलाच कसा? हा दुसरा प्रश्न रास्त असला तरी अपुरा आहे. परवाना देताना माणूस निष्कलंक असू शकतो, कागद खरे असू शकतात, चौकशीही प्रामाणिक झालेली असू शकते. बिघडतं ते पुढच्या वर्षांत, आणि त्या वर्षांत त्या माणसाकडे, त्याच्या घराकडे, हत्यार ठेवलेल्या कपाटाकडे कोणी पाहत नाही. आपली पडताळणी दारात उभी राहून ओळखपत्र बघते आणि माणूस आत गेला की निघून जाते.

आधी ती पडताळणी होते कशी ते पाहू. शस्त्र कायदा १९५९चा, त्याखालचे सध्याचे नियम २०१६चे. मुंबईत परवाना देण्याचा अधिकार पोलिस आयुक्तांचा, तर आयुक्तालय नसलेल्या जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांचा. अर्ज ठरलेल्या नमुन्यात, ऑनलाइन प्रणालीवर भरायचा. सोबत वयाचा, ओळखीचा आणि राहत्या पत्त्याचा पुरावा, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी आणि हत्यार का हवं याचं कारण जोडायचं. जिवाला धोका असेल तर धमकीची तक्रार कधी, कुठे केली याच्या प्रती लागतात. अर्ज कार्यालयातून अर्जदाराच्या स्थानिक पोलिस ठाण्यात जातो. तिथले अधिकारी ठाण्याचं रेकॉर्ड तपासतात, घरी जाऊन येतात, शेजाऱ्यांचे जबाब घेतात. अहवाल सहायक आयुक्त, मग परिमंडळाचे उपायुक्त अशा पायऱ्या चढत मुख्यालयात पोहोचतो. ठाण्याने ३० दिवसांत अहवाल द्यावा आणि अहवाल आल्यावर ६० दिवसांत निर्णय व्हावा, असं नियम सांगतात. मंजुरी मिळाली की देशभरातल्या परवान्यांच्या माहितीसाठ्यातला स्वतंत्र क्रमांक पडतो. मग विक्रेत्याकडून हत्यार घ्यायचं, त्याचा क्रमांक परवान्यावर चढवायचा आणि ते पोलिसांना दाखवायचं.

कागदावर ही साखळी अमेरिकेपेक्षा कितीतरी कडक आहे. तिथे अधिकृत दुकानात गिऱ्हाईक अर्ज भरतं, दुकानदार १९९८पासून चालू असलेल्या संगणकीय यंत्रणेला विचारतो आणि बहुतेकांना काही मिनिटांत उत्तर मिळतं. बऱ्याच राज्यांत दोन खासगी माणसांच्या व्यवहाराला तेवढीही तपासणी लागत नाही. म्हणून आपल्याकडे सगळं आलबेल आहे असं मानलं जातं. ते मला पटत नाही, कारण साखळी जिथे तुटते त्या जागा दोन्हीकडे जवळपास सारख्याच आहेत.

पहिली जागा म्हणजे पत्ता. ठाणे रेकॉर्ड तपासतं ते मुख्यतः स्वतःचं. मुंबई महानगरात माणूस एका जागी राहत नाही. घाटकोपरच्या चाळीत वाढलेला माणूस लग्नानंतर डोंबिवलीला जातो, धंदा वाढला की मीरा रोडला, पुढे पनवेलला. ही चार गावं चार वेगवेगळ्या पोलिस आयुक्तालयांत येतात. दहिसरचा चेकनाका ओलांडला की आयुक्त बदलतात. आता सगळी ठाणी एका संगणकीय जाळ्यात आहेत, इतर ठिकाणचे गुन्हे शोधता येतात हे खरं. पण नावाने शोध घेतला की अडचणी उभ्या राहतात. चव्हाण आणि चौहान, शेख आणि शैख, वडिलांचं नाव कुठे लिहिलेलं, कुठे गाळलेलं, जन्मतारखेऐवजी 'वय अंदाजे ४०'. शोध कोणत्या नावांनी घेतला, किती स्पेलिंगं वापरली, मागच्या दहा वर्षांतल्या प्रत्येक पत्त्याच्या ठाण्याला लेखी विचारणा केली का, याची नोंद अहवालात सक्तीची असली पाहिजे. नुसतं 'रेकॉर्ड निरंक' लिहून भागता कामा नये. अमेरिकेत टेक्सासमधल्या सदरलँड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये नोव्हेंबर २०१७मध्ये २६ जीव गेले. मारेकरी हवाई दलात असताना बायको आणि तिच्या लहान मुलाला मारहाण केल्याबद्दल त्याला शिक्षा झाली होती. ती शिक्षा हवाई दलाने राष्ट्रीय यंत्रणेला कळवलीच नाही, त्यामुळे दुकानातल्या तपासणीत तो स्वच्छ ठरला. यंत्रणेत नोंद चढलीच नाही तर शोधणारा कितीही दक्ष असो, त्याच्या हाती काही लागत नाही.

दुसरी जागा जास्त गंभीर आहे आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. ती म्हणजे घर. कायद्याचं नववं कलम हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला, शिक्षा संपल्यावरही पाच वर्षं, हत्यार बाळगू देत नाही. शांतता राखण्याचा बॉण्ड लिहून दिलेल्यालाही त्या मुदतीत मनाई आहे. पण घरातली हिंसा शिक्षेपर्यंत क्वचित पोहोचते. ठाण्यात बाई येते, तिची एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, लिहून घेतली जाते, नवऱ्याला बोलावून समज दिली जाते आणि प्रकरण तिथेच मिटतं. कित्येकदा ती तक्रार माहेरच्या गावी, नाशिकला किंवा साताऱ्याला केलेली असते. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचा अर्ज संरक्षण अधिकारी आणि दंडाधिकारी यांच्याकडे जातो. त्याचा परवाना शाखेशी आपसूक काही संबंध येत नाही. म्हणजे न्यायालयाने एखाद्याला बायकोपासून दूर राहण्याचा आदेश दिलेला असताना त्याच्या पिस्तुलाचं नूतनीकरण होऊ शकतं, आणि त्यात कोणाचीही बेईमानी असावी लागत नाही.

शेजाऱ्यांचे जबाब ही पोकळी भरून काढतील असं समजण्यात अर्थ नाही. टॉवरमध्ये समोरच्या दारातला माणूस नावही जाणत नाही, 'सज्जन आहेत, काही त्रास नाही' म्हणून मोकळा होतो. चाळीत सगळ्यांना सगळं माहीत असतं, भिंतीपलीकडचं भांडण रोज ऐकू येतं. पण ज्याला लवकरच बंदूक मिळणार आहे त्याच्याविरुद्ध सही करून जबाब देण्याची हिंमत कोण करील? जबाब गोपनीय असतील, अर्जदाराला दाखवल्या जाणाऱ्या कागदांत जबाब देणाऱ्याचं नाव येणार नाही, असं शेजाऱ्याला सांगता आलं तरच या पद्धतीत काही जीव आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरातल्या प्रौढ माणसांना वेगवेगळं बसवून विचारलं पाहिजे. कॅनडात अर्जावर सध्याच्या आणि मागच्या दोन वर्षांतल्या जोडीदाराची माहिती द्यावी लागते, आणि त्यांची सही नसेल तर त्यांना अर्जाबद्दल कळवलं जातं. आपल्याकडे घरात हत्यार येणार हे बायकोला कित्येकदा हत्यार घरात आल्यावरच समजतं. महिला अधिकाऱ्याने, नवरा घरी नसताना, पंधरा मिनिटं बोलून घेतलेली माहिती दहा शेजाऱ्यांच्या जबाबांपेक्षा मोलाची ठरेल.

डॉक्टरांच्या प्रमाणपत्राचं दुखणं वेगळं आहे. शारीरिक आणि मानसिक आरोग्य ठीक आहे, माणूस अमली पदार्थांच्या आहारी नाही, असं त्यात अपेक्षित आहे. पण अर्जदाराला पहिल्यांदाच पाहणाऱ्या डॉक्टरने दहा मिनिटांत असं लिहून देणं ही केवळ औपचारिकता झाली. यावर कोणी म्हणतं की मानसोपचार घेतलेल्या सगळ्यांची यादी पोलिसांना द्या. मी त्याच्या पूर्ण विरोधात आहे. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा स्पष्ट सांगतो की मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून कोणाला अस्थिर मनाचा मानता येत नाही, ते सक्षम न्यायालयाने ठरवायचं असतं. शिवाय गोळ्या सुरू केल्या की परवाना जाईल हे कळलं तर परवानाधारक डॉक्टरांकडेच जाणार नाही, आणि उपचार न घेतलेलं नैराश्य आणि घरातलं पिस्तूल यांची गाठ पडेल. तपासायला हवी ती सध्याची अवस्था. दारू किती, झोप कशी, अलीकडे घरातला मृत्यू, कर्ज, घटस्फोट, आत्महत्येचे विचार. ही तपासणी सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञाने ठरलेल्या प्रश्नावलीवर करावी आणि पोलिसांना फक्त 'योग्य', 'अयोग्य' किंवा 'सहा महिन्यांनी पुन्हा' एवढंच कळवावं. निदान रुग्णालयातच राहावं.

मुदतीचीही एक फट आहे. पोलिसांचा अहवाल ठरलेल्या वेळेत आला नाही तर परवाना अधिकाऱ्याला योग्य वाटल्यास त्याची वाट न पाहता निर्णय घेण्याची मुभा शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात आहे. अर्जदाराला वर्षानुवर्षं लटकवून ठेवू नये हा त्यामागचा हेतू चांगला आहे. पण अमेरिकेत याच विचाराने केलेल्या नियमाचं काय झालं ते पाहा. तीन कामकाजी दिवसांत नकार आला नाही तर दुकानदार बंदूक देऊ शकतो. २०१५मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्याला पिस्तूल असंच मिळालं. तपासणाऱ्या कर्मचाऱ्याला त्याच्या जुन्या अटकेचे कागद वेळेत सापडले नाहीत, कारण कोणत्या पोलिस खात्याकडे विचारायचं याचीच नोंद चुकीची होती. आपल्याकडची मुभा ऐच्छिक आहे हे आपलं सुदैव. ती अहवालाशिवाय होकार देण्यासाठी कधीच वापरली जाणार नाही, असा लेखी आदेश राज्याच्या गृह विभागाने काढावा. उशिराचा जाब ठाण्याने द्यावा, त्याची किंमत शेजारपाजाऱ्यांनी मोजू नये.

आता मुख्य मुद्दा, परवाना मिळाल्यानंतरचा काळ. शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला बाळगता येणाऱ्या हत्यारांची संख्या तीनवरून दोन केली, हे चांगलं झालं. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली. म्हणजे हत्यारं कमी आणि नजरही कमी. पाच वर्षांत माणसाचं दिवाळं वाजतं, भागीदारी फिसकटते, जमिनीचा वाद पेटतो, पोलिसांत परस्परविरोधी तक्रारी होतात. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलिस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांनी परवान्याच्या हत्यारातून शिवसेनेच्या शिंदे गटाचे नेते महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्याचा आरोप आहे. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. पण वादाच्या तक्रारीसाठी माणसं ठाण्यात जमली असताना हत्यारही सोबत होतं, आणि ते आधी काढून बाहेर ठेवा असं म्हणणारी कुठलीच पद्धत तिथे नव्हती, एवढं तरी त्यातून शिकायला हवं.

याला उपाय आहे आणि तो आपण वापरतोही, फक्त निवडणुकीपुरता. आचारसंहिता लागली की प्रत्येक जिल्ह्यात आणि आयुक्तालयात छाननी समिती बसते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले असे परवानाधारक ती शोधून काढते आणि त्यांची हत्यारं जमा करून घेते. सरसकट सगळ्यांची हत्यारं न घेता प्रत्येकाचा वेगळा विचार करावा, या मुंबई उच्च न्यायालयाच्या भूमिकेनंतर निवडणूक आयोगाने ही पद्धत घालून दिली. मतदानासाठी जो माणूस धोकादायक ठरतो, तो निकाल लागल्यावर आठवड्याभरात निर्धोक कसा होतो? हीच समिती दर तीन महिन्यांनी बसवायला कायदा बदलावा लागत नाही. बीड जिल्ह्यात सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर, डिसेंबर २०२४नंतर, एकट्या जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याचं आणि त्यांत गुन्हे दाखल असलेली माणसंही असल्याचं बाहेर आलं. मग फेरतपासणी झाली आणि परवाने रद्द होऊ लागले. ती माहिती सरकारदरबारी आधीपासून पडून होती. ती एकत्र बघण्यासाठी एका सरपंचाचा जीव जावा लागला, याची मला चीड येते.

संगणकाच्या भाषेत काम फार मोठं नाही. परवान्यांचा माहितीसाठा एकीकडे आहे, गुन्ह्यांची नोंद दुसरीकडे. कोणत्याही ठाण्यात गुन्हा, एनसी, चॅप्टर केस (शांतता राखण्याचा बॉण्ड घेण्याची कारवाई) किंवा तडीपारीचा प्रस्ताव दाखल होताना आरोपीच्या नावावर परवाना आहे का हे आपोआप तपासलं जावं आणि असल्यास त्याच दिवशी परवाना शाखेला सूचना जावी. शाखेने ४८ तासांत माणसाने वाचून ठरवावं की हत्यार तात्पुरतं जमा करायचं की नाही. परवाना निलंबित करण्याचा अधिकार सतराव्या कलमात आहेच.

अंगरक्षकांच्या हत्यारांकडे तर वेगळंच लक्ष हवं. मुंबईत बिल्डर, सराफ, पुढारी यांच्यामागे उभे असलेले बंदूकधारी बहुतेकदा स्वतःच्या परवान्याचं हत्यार घेऊन नोकरीला येतात. परवाना गावाकडचा, चौकशी गावच्या ठाण्याने केलेली, आणि काम अंधेरीत. तीस दिवसांहून जास्त काळ राहण्याची जागा बदलली तर नव्या ठिकाणी कळवणं परवान्याच्या अटींतच आहे, पण ते कळवलं की नाही हे मालकाला कोणी विचारत नाही. परराज्यातल्या परवान्यांवर डोळे झाकून भरवसा का ठेवू नये हे जम्मू-काश्मीरच्या प्रकरणाने दाखवलं आहे. २०१२ ते २०१६ या काळात तिथे दिलेल्या २.७८ लाख परवान्यांची सीबीआयने चौकशी केली. अपात्र आणि बाहेरच्या माणसांना पैसे घेऊन परवाने दिल्याचा तो संशय होता. मुंबईत हत्यारी रक्षक ठेवणाऱ्याने त्याचा परवाना, हत्याराचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि ड्युटी संपल्यावर हत्यार कुठे राहतं हे स्थानिक ठाण्याला लेखी द्यावं. आणि एक नियम कडक पाळावा, की रक्षकाचं हत्यार मालकाच्या लॉकरमध्ये राहता कामा नये. चावी ज्याच्याकडे, हत्यार त्याचं, मग परवाना कोणाच्याही नावावर असो. मालकाचीही पार्श्वभूमी तपासल्याशिवाय हत्यारी रक्षक ठेवू देऊ नये.

घरातल्या साठवणीचंही तेच. हमीपत्रावर सही होते, तिजोरी बघायला कोणी जात नाही. भिंतीत किंवा जमिनीत बोल्ट केलेली लोखंडी पेटी, काडतुसं वेगळ्या कुलपात, दोन्ही चाव्या परवानाधारकाकडेच, एवढं किमान हवं. १ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिनेते गोविंदा यांच्या पायाला जुहूच्या घरी स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली, तेव्हा जुन्या हत्याराच्या स्थितीची चर्चा झाली आणि दोन दिवसांत विरली. नूतनीकरणाच्या वेळी शस्त्रकारागिराकडून तपासणी सक्तीची करायला काय हरकत आहे? वारसाहक्काने आलेल्या बारा बोअरच्या बंदुकांना आणि कोकणातल्या ठासणीच्या बंदुकांनाही ती लागू व्हावी. पिकाच्या राखणीसाठी त्या बंदुका शेतकऱ्याला लागतात, त्या काढून घ्या असं माझं म्हणणं अजिबात नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, गुंड परवाना काढत नाहीत, मग सरळ माणसाच्या मागे का लागता? १२ ऑक्टोबर २०२४ रोजी वांद्र्यात बाबा सिद्दिकी यांच्या हत्येत वापरलेली हत्यारं बेकायदाच होती. त्या हत्यारांचा माग काढणं गुन्हे शाखेचं काम आहे आणि ते या पडताळणीने होणार नाही, हे मान्य. पण परवान्याचं हत्यार सरकारने सही करून दिलेलं असतं, म्हणून त्याची जबाबदारी सरकारची जास्त. शिवाय घरातल्या भांडणात, दारूच्या नशेत, आत्महत्येत हाताशी येतं ते बहुधा कायदेशीर घरातलंच हत्यार.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. गुन्हा दाखल होणं म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे. ज्याला खरोखर धोका आहे त्याच्यावर प्रतिस्पर्ध्याने खोटी तक्रार ठोकली तर त्याचं संरक्षणच काढून घेतल्यासारखं होईल. हे होतं, आणि पोलिसांच्या मर्जीवर सगळं सोडलं तर आणखी होईल. शिवाय आयुक्तांच्या नकाराविरुद्धचं अपील राज्य सरकारकडे जातं. तिथे वशिला असलेल्याला पोलिसांनी नाकारलेला परवानाही मिळू शकतो आणि वशिला नसलेला तारखा घेत राहतो. म्हणून अपिलाचा प्रत्येक निकाल कारणांसह जाहीर झाला पाहिजे, आणि पोलिसांचा प्रतिकूल अहवाल बाजूला सारला असेल तर का सारला हे मंत्र्यांनी किंवा सचिवांनी स्वतःच्या सहीनिशी लिहिलं पाहिजे. सूचना आली म्हणून परवाना रद्द होऊ नये. हत्यार तात्पुरतं जमा व्हावं, पंधरा दिवसांत सुनावणी व्हावी, आणि धोका खरा असेल तर तेवढ्या काळासाठी पोलिस संरक्षणाचा विचार त्याच आदेशात व्हावा.

हे सगळं हत्यार जमा करण्याच्या सोयीवर अडतं, आणि ती सोय वाईट आहे. ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत, पावसाळ्यातल्या ओलीत, चिठ्ठी बांधलेलं पिस्तूल महिनोन्महिने पडतं आणि परत मिळतं तेव्हा त्याला गंज चढलेला असतो. म्हणून लोक जमा करायला टाळाटाळ करतात, आणि मालकाचा राग नको म्हणून अधिकारीही आग्रह धरत नाहीत. हत्यार परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवण्याची वाट कायद्यात आहे, ती मुंबईत सर्रास खुली करावी. प्रत्येक परिमंडळात एक कोरडी, कॅमेऱ्याखालची, तेल घातलेली हत्यारं ठेवण्याची खोली असावी. जमा करणाऱ्याच्या हाती हत्याराचा क्रमांक, मोजलेली काडतुसं, हत्याराचा फोटो आणि सुनावणीची तारीख असलेली पावती त्याच वेळी द्यावी.